चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला : जुनी विमाने आणि जेआरडी टाटांचा हिशेब

परदेशात तीस-चाळीस वर्षे वापरलेले, दोन इंजिनांचे, सहा आसनी विमान एखाद्या आलिशान मोटारीच्या किमतीत मिळते. वर्धा जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान पकडायचे तर सुमारे ७५ किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. त्यामुळे अशा विमानाची किंमत वाचली की कोणाच्याही मनात येईल, एवढ्याच पैशांत स्वतःचे विमान मिळत असेल तर ते कोणी घेत का नाही? किंमत चुकती झाल्यावर जो खर्च सुरू होतो, त्यात याचे उत्तर आहे. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जेआरडी, हा खर्च आयुष्यभर मोजत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन इंजिनांच्या जुन्या विमानांचा देशात अक्षरशः सुकाळ झाला, तेव्हा त्यांनी धोक्याची घंटा वाजवली होती. त्या विमानांच्या कहाणीतले एक दुःखद पान नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर लिहिले गेले.

विमानाचे वेड कुठून लागले?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेटजींच्या नात्यातले आणि उद्योगातले सहकारी, आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो या गावी कुटुंब उन्हाळ्यात राहायला जायचे. तिथे शेजारी होते लुई ब्लेरिओ, १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे. ब्लेरिओंचे विमान गावच्या पुळणीवर उतरायचे आणि लहानगा जहांगीर ते पाहायला धावायचा. पंधराव्या वर्षी त्याच परिसरात त्यांना पैसे देऊन विमानातून फेरी मारायला मिळाली. त्यानंतर या मुलाच्या डोक्यातून विमान गेले नाही.

मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी जुहूला शिकायला जाऊ लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांवरचा क्रमांक एक त्यांच्या नावावर आहे.

त्यानंतर आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. भारत आणि इंग्लंड यांच्यामधले अंतर एकट्याने विमान चालवून कापणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले आणि अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून कराचीकडे. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची, एका इंजिनाची. इजिप्तमधल्या अबुकिर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग त्यांना देऊन टाकले. अस्पींनी थोडक्यात बाजी मारली आणि बक्षीस नेले. हेच अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हा प्रसंग जेआरडींच्या दिलदारपणासाठी नेहमी सांगितला जातो. त्यात एक व्यवहारी बाबही दडलेली आहे. इंजिन धडधाकट, वैमानिक तयार, हवा चांगली, आणि विमान अडले ते मुठीत मावणाऱ्या सुट्या भागासाठी! विमान बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतो. जिप्सी मॉथच्या इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे एकूण आठ. पुढे जेआरडींच्या कंपनीत आलेल्या डाकोटा विमानाला दोन इंजिने, प्रत्येकी १४ सिलिंडर, म्हणजे एकूण ५६ प्लग. विमान दुप्पट झाले की देखभाल किती पटींनी वाढते, हे या दोन आकड्यांवरून समजते.

दोन लाख रुपयांत विमानसेवा कशी उभी राहिली?

नेव्हिल व्हिन्सेंट हे ब्रिटिश हवाई दलातले माजी वैमानिक. लोकांना विमानातून फेऱ्या मारून आणण्याच्या निमित्ताने ते भारतभर हिंडले होते. लंडनहून इम्पीरियल एअरवेजची टपाल कराचीपर्यंत विमानाने येते आणि तिथून पुढे रेल्वेने रखडत जाते, हे त्यांनी हेरले. कराचीपासून अहमदाबाद, मुंबईमार्गे मद्रासपर्यंत टपाल विमानाने नेण्याची योजना घेऊन ते जेआरडींकडे आले. टाटा समूहाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. जेआरडींचे मार्गदर्शक जॉन पीटरसन यांनी शब्द टाकला, तेव्हा कुठे होकार मिळाला. लागणारे भांडवल होते सुमारे दोन लाख रुपये.

सरकारने मात्र तीन वर्षे घेतली. अखेर १९३२ मध्ये करार झाला तो अनुदानाविना. जेवढी टपाल नेली तेवढ्याचे पैसे, बाकी जोखीम कंपनीची. त्यामुळे विमान कोणते घ्यायचे, हा प्रश्न हौसेचा राहिला नाही.

त्यांनी घेतली दोन पस मॉथ विमाने. एक इंजिन, बंद केबिन, वैमानिकामागे दोघांपुरती जागा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी सकाळी कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधनासाठी उतरले आणि दुपारी जुहूला पोहोचले. सोबत सुमारे २५ किलो टपाल होती. अहमदाबादला इंधनाचे डबे आले होते बैलगाडीतून. जुहूहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार केला. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचे. म्हणून त्या महिन्यांत सगळा संसार पुण्याला हलवावा लागे.

पहिल्या पूर्ण वर्षात, १९३३ मध्ये, टाटांच्या विमानांनी १ लाख ६० हजार मैल अंतर कापले. त्यांनी ९.७२ टन टपाल आणि १५५ प्रवासी वाहून नेले. नफा झाला ६० हजार रुपये, आणि १९३७ पर्यंत तो वर्षाला सहा लाखांवर गेला.

दोन विमानांच्या कंपनीला हे कसे जमले? गुपित फार मोठे नव्हते. विमाने लहान होती, इंजिन एकेकच होते आणि त्यांना ठरलेल्या दिवशी ठरलेले काम होते. हँगरमध्ये उभे राहून विमान खर्च करते, उडताना कमावते. टपालाच्या कराराने उड्डाणांची हमी दिली आणि जेआरडींनी वेळापत्रक काटेकोर पाळले.

दुसरे इंजिन म्हणजे दुप्पट सुरक्षितता?

टपाल आणि प्रवासी वाढले तशी मोठी विमाने लागली. १९३८ मध्ये साम्राज्यातली पहिल्या वर्गाची सगळी टपाल विमानाने नेण्याची योजना भारतात सुरू झाली. टाटांच्या वाट्याला कराची ते कोलंबो हा मार्ग आला. याच काळात ड्रॅगन रॅपिडसारखी दोन इंजिनांची विमाने ताफ्यात आली. लाकडी सांगाडा, वर कापड, एकावर एक असे दोन पंख, प्रत्येक बाजूला २०० अश्वशक्तीचे एक इंजिन आणि सहा-आठ प्रवाशांची सोय. आजच्या भाषेत हे हलके दुहेरी इंजिनाचे विमान.

एक इंजिन बंद पडले तरी दुसरे आहे, असे कोणालाही वाटेल. आकाशात पुरेशा उंचीवर असताना ते बऱ्याच अंशी बरोबरही आहे. गडबड होते ती उड्डाण घेताना.

विमानाला समान उंचीवर उडत राहायला काही शक्ती लागते. त्यापेक्षा जी शक्ती उरते, तिच्या जोरावर ते वर चढते. समजा इंजिनांची मिळून शक्ती १०० आहे आणि नुसते तरंगत राहायला ४० लागते. चढायला उरले ६०. आता एक इंजिन गेले. शक्ती झाली ५०. तरंगायला ४० हवेच, उलट बंद पंख्याचा अडथळा वाढल्याने थोडे जास्तच हवे. चढायला उरले १० किंवा त्याहून कमी. म्हणजे शक्ती निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता ८० टक्क्यांहून अधिक घटली. विमान जड असेल, हवा गरम असेल, चाके खाली असतील तर उरलेले दहाही संपतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात हवा विरळ होते, हे इथे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरी अडचण वळण्याची. एकाच बाजूचे इंजिन जोर लावत असल्याने विमान बंद इंजिनाच्या दिशेने फिरू लागते. शेपटीच्या सुकाणूने ते सरळ धरायचे, तर ठरावीक वेग हवाच. त्या वेगाखाली विमान हाताबाहेर जाते आणि उलटते. म्हणूनच दोन इंजिनांच्या विमानासाठी वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण आणि परवान्यावर वेगळी नोंद लागते, भारतातही. लहान विमानांबाबतचे अमेरिकेतले जुने नियमही बोलके आहेत. ठरावीक वजन आणि वेगाखालच्या दुहेरी इंजिनाच्या विमानाने एका इंजिनावर वर चढून दाखवलेच पाहिजे, अशी अट त्यांत नव्हती. दुसरे इंजिन जीव वाचवू शकते, पण त्याला सराव आणि देखभाल दोन्ही लागतात. विकणारा ही गोष्ट सहसा सांगत नाही.

युद्धानंतर डाकोटा इतकी स्वस्त का झाली?

डग्लस कंपनीच्या डीसी-३ विमानाचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चे. युद्धात त्याचेच लष्करी रूप दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झाले. तीच डाकोटा. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीसाठी त्यातली कितीतरी विमाने भारताच्या पूर्व भागात होती. १९४५ मध्ये युद्ध संपले आणि अमेरिकी सैन्य घरी निघाले. एवढी विमाने परत नेण्यात त्यांना रस नव्हता. ती भारतातच विक्रीला निघाली, मूळ किमतीच्या मानाने मातीमोल भावात.

बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना तयार होताच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये उभारलेला. तिथे या लष्करी विमानांचे रूपांतर होऊ लागले. आतले बाक काढायचे, खुर्च्या बसवायच्या, इंजिने तपासायची, रंग द्यायचा. २१ ते २८ प्रवाशांचे विमान तयार.

ज्याच्याकडे थोडे भांडवल त्याला विमान कंपनी काढावीशी वाटू लागली. संस्थानिक, गिरणीमालक, व्यापारी, सगळेच पुढे आले. सरकारी परवाना मंडळाने परवाने सढळ हाताने दिले. टाटांनीही डाकोटा घेतल्या. २९ जुलै १९४६ रोजी, योगायोगाने जेआरडींच्या वाढदिवशीच, टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया ही सार्वजनिक कंपनी झाली. या नव्या पर्वात व्हिन्सेंट नव्हते. १९४२ मध्ये युद्धकाळातल्या विमानप्रवासात त्यांचा मृत्यू झाला होता.

मग कंपन्या बुडाल्या कशा?

जेआरडींचे म्हणणे होते की, देशात विमानप्रवासी जेमतेम आहेत आणि मोजक्याच सक्षम कंपन्या त्यांच्यावर तगू शकतील. सरकारने परवाने वाटत सुटू नये. यात त्यांचा स्वार्थ नव्हता असे म्हणता येणार नाही. स्पर्धक कमी झाले तर फायदा टाटांचाच होता आणि टीकाकारांनी ते बोलूनही दाखवले. पण गणित त्यांच्या बाजूने होते.

हे गणित आजच्या लहान विमानाला लावून पाहिले की सहज कळते. पायपर सेनेका हे जुन्या बाजारात हमखास मिळणारे दुहेरी इंजिनाचे विमान. त्याच्या इंजिनांची संपूर्ण उघडून दुरुस्ती करण्याची मुदत साधारण १,८०० तासांची. समजा एका इंजिनाला ३६ लाख रुपये लागले, तर ताशी २,००० रुपये बाजूला टाकावे लागतील, दोन इंजिनांचे ४,०००. इंधन ताशी ८० ते ९० लिटर. एका इंजिनाच्या सेसना १७२ ला याच्या निम्मेही लागत नाही. त्यात हे इंधन साधे पेट्रोल नसते, शिसेयुक्त विमान पेट्रोल असते आणि प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. भारतात ते बाहेरून यायचे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशात तयार केलेले बाजारात आणले.

हा झाला उडण्याचा खर्च. उभे राहण्याचा खर्च वेगळा : हँगर, विमा, दरवर्षीची तपासणी, उड्डाणयोग्यतेचे नूतनीकरण, अभियंत्याची सही. समजा हा सगळा मिळून वर्षाला १२ लाख झाला. वर्षाला ३०० तास उडवले तर ताशी ४,००० रुपये पडतात. ५० तासच उडवले तर २४,०००. विमान तेच, हँगर तेच, फक्त वापर कमी. हौशी मालकाचे बहुतेक वेळा असेच होते. बरे, विमान उभेच ठेवले तर इंजिन टिकते असेही नाही. न वापरलेल्या इंजिनात आतून गंज धरतो. म्हणून उत्पादक तासांबरोबरच साधारण १२ वर्षांची मुदतही सांगतात. जुन्या विमानाची जाहिरात पाहताना इंजिनाचे किती तास उरले आणि ते मागच्या पाच वर्षांत किती उडाले, हे दोन प्रश्न रंग आणि खुर्च्यांच्या आधी विचारायचे असतात. भारतात आणायचे तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी, वयाची अट आणि मूळ देखभाल नोंदवह्या या गोष्टी आल्याच. नोंदवही हरवलेले विमान म्हणजे सातबारा नसलेली जमीन.

आता १९४७-४८ कडे परत जाऊ. डाकोटा ताशी साधारण साडेतीनशे लिटर इंधन पिते. वैमानिक, सहवैमानिक, रेडिओ ऑपरेटर, अभियंते यांचे पगार महिन्याला द्यावे लागतात, विमान उडो वा न उडो. आणि एकाच मार्गावर दोन-तीन कंपन्या, प्रत्येकीचे विमान निम्मे रिकामे. विमान स्वस्तात पडले म्हणून तिकीटही स्वस्त ठेवता येईल, असा अनेकांचा हिशेब होता. खरेदीची किंमत एकूण खर्चात किती छोटी असते, हे त्यांना पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहिल्यावर कळले. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या दशक संपण्याआधीच गुंडाळल्या गेल्या. सरकारने इंधनावरील करात सवलत दिली, तरी बाकीच्यांची ओढाताण सुरूच राहिली.

फेब्रुवारी १९५० मध्ये सरकारने चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष. पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. समितीने हिशेबवह्या तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की देशातल्या वाहतुकीच्या मानाने कंपन्या जास्त आहेत, त्यांचे एकत्रीकरण व्हावे. जेआरडी चार वर्षे हेच सांगत होते.

नागपूरच्या मध्यरात्री काय व्हायचे?

दरम्यान विदर्भाच्या आकाशात एक वेगळाच प्रयोग सुरू झाला होता. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांनी रात्रीची हवाई टपाल सेवा आणली. ३० जानेवारी १९४९ रोजी ती सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचे. चारही नागपूरला यायची, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात. नकाशावर मुंबई-नागपूर सरळ रेषा ओढली तर ती वर्धा जिल्ह्यावरून जाते.

जेआरडींचा या योजनेला विरोध होता. रात्री उतरण्यासाठी लागणारे दिवे, रेडिओ साधने, हवामानाची माहिती या सोयी पुरेशा नसताना ही सेवा चालवणे धोक्याचे आहे, असे त्यांचे मत होते. किडवईंना ते पटले नाही आणि दोघांमध्ये जाहीर वाद झाला. सेवेचे काम आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने आणि नंतर हिमालयन एव्हिएशनने केले. सेवा पुढे बरीच वर्षे चालली, लोकप्रियही झाली. किडवईंची कल्पना अव्यवहार्य नव्हती, हे तेवढ्यापुरते मान्य करावे लागते. जेआरडी इथे गरजेपेक्षा सावध होते, असेही म्हणता येईल.

पण १२ डिसेंबर १९५३ ची पहाट विसरता येत नाही. मद्रासकडे निघालेली टपाल सेवेची डाकोटा सोनेगावच्या धावपट्टीवरून उडाली आणि लगेचच एका इंजिनाची शक्ती गेली. विमान विमानतळाजवळच कोसळले. १३ जणांचा मृत्यू झाला, वैमानिक तेवढा बचावला. दुसरे इंजिन चालू होते. पण उंची नाही, वेग नाही आणि रात्रीचा अंधार.

या अपघाताने पुढे न्यायालयातही इतिहास घडवला. एका मृत प्रवाशाच्या कुटुंबाने भरपाईसाठी दावा लावला. तिकिटावर छापलेली अट अशी होती की, प्रवाशाला इजा झाली तर विमान कंपनी जबाबदार राहणार नाही, निष्काळजीपणा असला तरी. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात ही अट ग्राह्य धरली. देशांतर्गत विमान प्रवाशांना भरपाईचे कायदेशीर संरक्षण मिळाले ते १९७० च्या दशकात. विमा आणि उत्तरदायित्व हा विमानाच्या मालकीतला सर्वात मोठा खर्च का असू शकतो, हे यावरून कळते. १९५३ मध्ये तो खर्च मालकाने उचललाच नव्हता. तो प्रवाशांच्या घरच्यांनी उचलला.

ताफ्यातली ७४ डाकोटा कुठे गेली?

या अपघाताच्या चार महिने आधी, १ ऑगस्ट १९५३ रोजी, देशातल्या विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. तिला वारशात ९९ विमाने मिळाली, त्यांतली ७४ डाकोटा होती. ज्या स्वस्त विमानांनी कंपन्या जन्माला घातल्या आणि बुडवल्या, ती सगळी शेवटी सरकारच्या दारात आली.

जेआरडी दुखावले. राष्ट्रीयीकरणाआधी आपल्याशी धड चर्चाही झाली नाही, याचा त्यांना राग होता. तरीही नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले. ही कंपनी त्यांनीच १९४८ मध्ये सरकारच्या भागीदारीत काढली होती. ८ जून १९४८ रोजी तिचे पहिले विमान, मलबार प्रिन्सेस, मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले होते. ते विमान लॉकहीडचे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन होते. परदेशी कंपन्यांशी टक्कर द्यायची तर युद्धात झिजलेली विमाने चालणार नाहीत, याबद्दल जेआरडींच्या मनात शंका नव्हती. कोणत्या कामाला जुने चालेल आणि कोणत्या कामाला नवेच हवे, हा फरक त्यांना बरोबर कळत असे. पंचवीस वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. विमानातले पडदे, चहाची चव, काउंटरवरची धूळ, सगळे टिपून ते अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या पाठवायचे. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून दूर केले. एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली ती २७ जानेवारी २०२२ रोजी, तेव्हा जेआरडी हयात नव्हते.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीचे उड्डाण

पहिल्या टपाल उड्डाणाला १९६२ मध्ये तीस वर्षे झाली, तेव्हा जेआरडींनी तोच मार्ग पुन्हा उडून पार केला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, ते परत कराचीहून निघाले. वय ७८. दोन्ही वेळा वापरलेले विमान लेपर्ड मॉथ होते, पस मॉथचे धाकटे भावंड. एक इंजिन, लाकडी सांगाडा, कापडी आवरण. या जातीची विमाने १९३० च्या दशकाच्या मध्यातच तयार होणे थांबले होते. म्हणजे १९८२ मध्ये जेआरडी ज्या विमानात एकटे बसले, ते निवृत्तीच्या वयाचे होते.

सुटे भाग बाजारात मिळण्याची शक्यता नव्हती. ते विमान उड्डाणयोग्य ठेवले होते जुने लाकूड, कापड आणि इंजिन समजणाऱ्या तंत्रज्ञांनी. वैमानिकांच्या नव्या पिढीत साहसाची ओढ जागी व्हावी, हा या खटाटोपामागचा हेतू असल्याचे जेआरडींनी सांगितले होते. १९३२ प्रमाणेच ते वाटेत अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूच्या धावपट्टीवर टेकले.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, जन्मगावीच, त्यांना विसावा मिळाला. जुहूचे मैदान आजही विमानतळ आहे. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरची ये-जा असते, आणि धावपट्टीच्या भोवती शहर उभे आहे.